चादरीचं दुसरं टोक

ठिणगी सूड घ्यायला आली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्हाला वाटेल, थोरलीचा खांदा आखडला आणि धाकटी कशी धावत आली बघा, काय ही माया! माया कसली डोंबलाची. हातात पिशवी घेऊन ती लाँड्रीच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पोटात नुसता जाळ होता, आणि तो तिनं बसमध्ये चाळीस मिनिटं फुंकर घालघालून पेटता ठेवला होता.

ठिणगी हे नाव बापानं ठेवलेलं. पाच वर्षांची असताना शेजारच्या एका पोरानं तिची वेणी ओढली, तर हिनं त्याचा बूट उचलला आणि धुण्याच्या उकळत्या पाण्यात टाकला. तेव्हापासून ठिणगी. आता वय एकोणचाळीस, केसांत चार-दोन पांढरे दिसायला लागलेले, पण नाव काही विझलं नव्हतं. थोरली तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची, तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. आईबाप गेल्यावर बापाची लाँड्री तिनंच चालवली. दोन हॉटेलांच्या आणि एका वसतिगृहाच्या चादरी, आणि गल्लीतले सटरफटर कपडे.

दोघींचं आठ वर्षांपूर्वी बिनसलं होतं. कशावरून म्हणाल, तर मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं म्हणून. भांडायचंच असलं की निमित्ताला काय तोटा! ठिणगी तिरीमिरीत उठली, शहराच्या पार दुसऱ्या बाजूला खोली घेतली आणि एका दवाखान्यात कपड्यांच्या कोठारावर नोकरीला लागली. त्यानंतर कुणी आजारी पडलं तर फोन, एवढंच काय ते नातं उरलं.

पण सूड मिठाच्या बरणीचा नव्हता. तो होता मास्तरांचा.

बारा वर्षांपूर्वी एका मास्तरांच्या मनात ठिणगी भरली होती. लाँड्रीत सदरे टाकायला यायचे, अर्धा अर्धा तास बोलत उभे राहायचे. हिलाही ते आवडायचे. आणि मग एके दिवशी त्यांनी येणंच बंद केलं. सदरे पलीकडच्या दुकानात जायला लागले. का, ते ना त्यांनी सांगितलं, ना हिनं विचारलं. बारा वर्षं ठिणगीला वाटत राहिलं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. आरशासमोर उभं राहून तिनं ती शोधली होती. नाक असेल, आवाज असेल, हसताना हिरड्या दिसतात ते असेल. पुढं तर तिनं हसायचंच कमी केलं.

आणि इथं येण्याच्या आठवडाभर आधी तेच मास्तर तिला दवाखान्यात भेटले. लेकीच्या हाताला प्लास्टर घालायला आले होते. ओळख पटली, हसले, म्हणाले, "अरे वा, इथं कधीपासून?"

"आठ वर्षं झाली."

"आठ? एकाच ठिकाणी? मग तुमच्या ताईंचा अंदाज अगदीच चुकला म्हणायचा."

"कसला अंदाज?"

मास्तर भोळे. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, आता तिच्यात काय उरलंय, असं त्यांना वाटलं असणार. "मी विचारायला आलो होतो ना तेव्हा. तुमच्याबद्दल. तर त्या म्हणाल्या, तिचं मन कशातच रमत नाही. चार महिन्यांत परत येईल. तुम्ही भले आहात, फसू नका." आणि हसून लेकीला घेऊन गेलेसुद्धा. ठिणगी चादरींच्या ढिगापाशी उभीच राहिली. त्या दिवशी तिनं तीन वॉर्डांच्या चादरी एकमेकींत कालवून ठेवल्या.

त्याच आठवड्यात ताईचा निरोप आला. कामाला असलेली मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, माझा उजवा खांदा आखडलाय, चादरींना दुसरं माणूस नाही, महिनाभर येशील का? निरोप आणणाऱ्या बाईनं आणखी एक बातमी आपणहून दिली. समोरचा घड्याळवाला, बायको जाऊन सहा वर्षं झालेला, ताईच्या मागे आहे. धुतलेलेच सदरे पुन्हा धुवायला टाकतो म्हणे! पंचेचाळिशीत ताईचं लग्न जमायच्या बेतात आहे, फक्त शब्द जायचा बाकी आहे.

ठिणगीनं हिशेब मांडला. घड्याळवाला सरळ माणूस, चौकशी करणार. ताईची चौकशी करायची तर घरचं दुसरं आहे कोण? मी. ती एका दमात रजेचा अर्ज लिहून मोकळी झाली. तिला दुसरं काही नको होतं. ताईनं जे एक वाक्य बोलून तिचा संसार मांडायच्या आधीच मोडला, तसंच एक वाक्य. बस्स. खून का बदला खून वगैरे नाही, वाक्याला वाक्य.

आता कामाचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्या कामानंच केला. बापाची एक रीत होती. चादर दोरीवर खडखडीत वाळू द्यायची नाही. किंचित ओल असतानाच काढायची. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून टोकं धरायची आणि मागे रेलून ओढायची, आधी सरळ, मग तिरकी. अर्ध्या सुरकुत्या तिथंच जातात, इस्त्रीचं काम निम्मं होतं. आणि ओढताना हाताकडे बघायचं नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. बाप म्हणायचा, हाताकडे बघितलं की उशीर होतो. ओढ आधी तोंडावर येते, मग हातात उतरते.

म्हणजे बघा. जिचं तोंड बघायची इच्छा नाही, तिच्या तोंडाकडे दिवसाला दोनशे वेळा टक लावून बघायचं. याला म्हणतात भोग.

दुसऱ्याच दिवशी ठिणगीनं हात धुऊन घेतला. ताई मागे रेलली, चेहऱ्यावर ओढ आली, आणि हिनं नेमकी त्याच क्षणी टोकं सोडून दिली. ताई धाडकन मागच्या गाठोड्यांत बसली, पाय वर. ठिणगीला असं काही बरं वाटलं म्हणता! खांद्याला हिसका बसला असणार, कारण ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती उठली, चादरीचं टोक शोधून हातात घेतलं आणि एवढंच म्हणाली, "घाम आला असेल हाताला. पुसून घे."

"हो, घामच आला," ठिणगी म्हणाली. तिला वाटलं होतं ताई ओरडेल, मग आपण ओरडू, मग सगळं बाहेर पडेल. पण ही बाई समोर टोक धरून पुन्हा उभी. मग करता काय, ओढली चादर.

सकाळचं काम त्याहून कठीण होतं. ताईचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणजे केस विंचरणं आलं ठिणगीकडे. पहिल्या दिवशी तिनं कंगवा असा काही ओढला की गुंतवळाबरोबर डोकंही हातात यावं. ताईनं मान आणखी मागे केली. ताईचे केस मागून विरळ झाले होते, ते आधी ठिणगीला माहीत नव्हतं. समोरून बघणाऱ्याला दिसतही नसत. मानेवर एक जुना भाजल्याचा डाग होता, तो मात्र तिला माहीत होता. लहानपणी इस्त्री ठिणगीनं पाडली होती आणि मार ताईनं खाल्ला होता. "फार उपकार केलेस," ती मनात म्हणाली आणि आणखी एक हिसका दिला. पण मग रोज केस विंचरता विंचरता हात आपोआप हलका व्हायला लागला. हाताला काय कळतंय, कोण आपला वैरी ते!

ती डोळ्यांत तेल घालून ताईच्या खोडी टिपत होती. घड्याळवाल्यापुढे मांडायला नको? ताई गिऱ्हाइकाला "आत्ताच इस्त्री झाली" म्हणायची आणि कपडे अजून बादलीत असायचे. चहा तीनदा गरम करायची आणि शेवटी गारच प्यायची. दुसऱ्यांच्या कपड्यांतून गळलेली बटणं डब्यात जमवायची आणि ज्याचं तुटलेलं दिसेल त्याला न सांगता लावून द्यायची, मग रंग जुळो न जुळो. मासिकातली गोष्ट शेवटापासून वाचायची, म्हणे वाईट शेवट असेल तर आधीच कळलेला बरा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे खांदा. तो घड्याळवाल्यापासून लपवलेला होता. तो दुकानात आला की ताई दुखऱ्या हातानंच पावती पुढे करायची, हसत, आणि तो गेला की पडद्यामागे जाऊन भिंतीला टेकायची.

"हा तर हुकमाचा पत्ता," ठिणगी स्वतःला म्हणाली. आणि संध्याकाळी त्याच हुकमाच्या पत्त्याला गरम पाण्याची पिशवी लावून देत बसली. बोंबला!

तिसऱ्या आठवड्यात तर असं झालं, की चादरी ओढताना दोघी बोलायलाही लागल्या. तेही भांडणासारखंच.

"मिठाचं झाकण मी उघडं ठेवलं नव्हतं."

"तूच ठेवलंस."

"आठ वर्षं झाली, आता तरी कबूल कर."

"तू कर."

ओढ. घडी. पुढे चालत यायचं, टोकं जुळवायची, ताईनं वरची टोकं घ्यायची, ठिणगीनं वाकून खालची घडी उचलायची. दुपारी जाळ जरा मंदावलाय असं वाटलं, की ठिणगी मुद्दाम मास्तरांचं ते हसणं आठवायची. आपल्या हिरड्या आठवायची. की भडका उठायचा, झकास.

गुरुवारी दुपारी ताई हॉटेलात चादरी पोचवायला गेली आणि घड्याळवाला आला. हातात सदरा नव्हता. इस्त्रीचा डाग नसलेलं एकुलतं एक स्टूल त्याला ठिणगीनं दिलं. बुटका, टापटीप माणूस. बोलायच्या आधी घसा दोनदा खाकरला.

"मी सरळच बोलतो. तुमच्या ताईंना मी विचारलंय. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीला विचारा. मी कशी आहे ते ती सांगेल. ती नको म्हणाली तर विषय संपला."

ठिणगीच्या हातातली सुई थांबली. "असं म्हणाली? या शब्दांत?"

"याच शब्दांत. म्हणाल्या, ती सांगेल ते माझ्यावर बंधनकारक."

म्हणजे मास्तरांचं मला कळलंय, हे हिला माहीत आहे! ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं ठाऊक असून चादरीचं टोक धरून समोर उभी राहिली, रोज, दोनशे वेळा, तोंडाकडे बघत. आणि आता सूडही स्वतःच ताटात वाढून देतेय, पाणी ठेवून, पाट मांडून! मोठेपणा मिरवायची एक संधी सोडेल तर शपथ. थांब म्हणावं. वाढलंसच आहेस तर जेवते मी पोटभर.

"मग ऐका," ती म्हणाली.

वाक्य तयार होतं. महिनाभर घोकलेलं. तिचं मन कशातच रमत नाही, चार महिन्यांत परत येईल. ताईचंच वाक्य ताईच्याच गळ्यात. तिनं तोंड उघडलं, आणि त्या उघड्या तोंडात भलतंच काहीतरी आलं. ही गेली तर सकाळी केस कुणाचे विंचरू? रजा संपली की त्या खोलीत जाऊन दार उघडायचं, आणि आत कुणी भांडायलाही नाही. हिला जाऊ देता कामा नये. सांगून टाकावं काहीतरी, वाटेल ते, म्हणजे हा माणूस उठून जाईल आणि ताई इथंच राहील.

वाक्य तेच होतं. कारण बदललं होतं.

आणि मग ठिणगीला कळलं. बारा वर्षांपूर्वी याच दुकानात, याच प्रश्नावर, ताईच्या तोंडात काय आलं असेल ते तिला कुणी न सांगता कळलं. बाप नुकताच गेलेला. घरात दोघीच. मत्सर नव्हता, दावा नव्हता. भीती होती, आणि माया होती, आणि त्या मायेनं ठिणगीची बारा वर्षं खाऊन टाकली होती.

तुम्हाला वाटेल राग गेला. छे हो! दुप्पट झाला. दुष्ट माणसाचा राग करणं सोपं असतं. आपल्याला जीव लावून आपलंच वाटोळं करणाऱ्याचं काय करायचं, सांगा बरं?

घड्याळवाला वाट बघत होता. ठिणगीनं ते वाक्य गिळलं. कडू जहर होतं, पण गिळलं.

"तिचा उजवा खांदा गेलाय," ती म्हणाली. "तुमच्यापासून लपवते. केस दुसऱ्याला विंचरावे लागतात. खोटं बोलते, कपडे झाले म्हणते आणि झालेले नसतात. जेवताना बोलत नाही. स्वतःची चूक जन्मात कबूल करत नाही. आणि एकदा कुणाचं टोक हातात धरलं की सोडत नाही, हाताची सालटी निघाली तरी. हे सगळं चालणार असेल तर घेऊन जा. माझी हरकत नाही."

घड्याळवाल्यानं आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "केस विंचरायला जमेल. हात बारीक कामाला बसलेला आहे माझा." रविवारी येतो म्हणाला आणि गेला.

ताई परत आली. तो विचारून गेला एवढं पायरीवरच तिला कळलं असणार, कारण समोरच्या दुकानातून तो हात हलवत होता; उत्तर काय मिळालं ते त्या हातावरून कळेना. ठिणगीकडे बघत ती उभी राहिली. विचारलं काही नाही.

ठिणगीनंही सांगितलं नाही. का सांगावं? ही बारा वर्षं गप्प राहिली, मग हिला दोन दिवस माझं गप्प राहणं सोसून बघू दे. आणि ते दोन दिवस, खरं सांगायचं तर, ठिणगीनं मिटक्या मारत घालवले. शुक्रवारी ताईनं एकाच सदऱ्याला दोनदा खळ लावली, तो पत्र्यासारखा उभा राहिला. हॉटेलच्या चादरी वसतिगृहाच्या गाठोड्यात बांधल्या. सकाळी केस विंचरताना तिची मान एवढी ताठ होती की कंगवा फिरेना. चहा तर तिनं गरमच प्यायला, तोंड भाजेपर्यंत. विचार ना, ठिणगी मनात म्हणत होती. विचारून तर बघ. पण ताई कसली चिवट! विचारेल तर ताई कुठली.

शनिवारी दुपारी गच्चीवरून चादरी काढल्या. पहिल्या चादरीची टोकं धरून दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. ताईच्या तोंडावर ओढ येईना. ती नुसतीच बघत होती.

"उद्या ते येणारेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ज्या दिवशी तू एका निरोपावर आलीस ना, त्याच दिवशी कळलं मला. तू जन्मात कधी एका निरोपावर आलीयस का? म्हटलं, हिला मास्तर भेटले. दवाखान्यात आज ना उद्या भेटणारच होते." "माफी मागितली असती तर दिली असतीस?"

"नसती."

"म्हणून नाही मागितली. म्हणून त्यांना तुझ्याकडे पाठवलं. जे केलंस ते बरोबरच केलंस. फक्त सांग आता. मला पोटात अन्न ठरत नाही."

ठिणगीनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला. तेवढा तिचा हक्क होता. मग म्हणाली, "हो म्हटलं मी."

ताईच्या हातातली टोकं गळून पडली. ती रडायला लागणार, एवढ्यात ठिणगी कडाडली, "थांब! रडू नकोस, माझं संपलेलं नाही. मी नको म्हणणार होते. तुझंच वाक्य जिभेवर होतं, शब्दाला शब्द. आणि सुडासाठी नाही, मेलं तेच तर दुःख आहे. तू गेलीस तर मी एकटी पडेन म्हणून."

ताई मटकन गाठोड्यावर बसली. तिनं तोंडावर हात ठेवला. "तेव्हा मलाही," ती म्हणाली, "मलाही अगदी..."

"गप्प बस! मला कळलं म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. तुला जेवढं वाटलं तेवढंच मला वाटलं, तसूभर कमी नाही. पण तू बोललीस आणि मी गिळलं. हे मी तुला मरेपर्यंत विसरू देणार नाही. तुझ्या नव्या घरी येईन, तुझ्या हातचा चहा पिईन, आणि रोज, रोज आठवण करून देईन."

ताईनं डोळे पुसले. खाली वाकून तिनं चादरीची टोकं शोधली, हातात घेतली आणि उठून समोर उभी राहिली.

"रोज येशील?" तिनं विचारलं.

"एक दिवस चुकवणार नाही," ठिणगी दातओठ खात म्हणाली, आणि चादर ओढली.